सगळ्यांना दोन-दोन

अमेरिकेच्या संसदेच्या वरच्या सभागृहाबद्दल, म्हणजे सिनेटबद्दल लिहायचं आहे, पण सुरुवात ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायमच्या रहिवासाच्या परवान्याच्या रांगेपासून करते. आमच्यासारख्या एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना या देशाच्या समतेची पहिली ओळख तिथेच होते. नोकरीच्या आधारावर वर्षाला जी ग्रीन कार्डं निघतात, त्यांतली साधारण ७ टक्क्यांहून जास्त कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना द्यायची नाहीत, असा १९९० च्या कायद्याचा दंडक आहे. देश केवढाही असो. भारतालाही ७ टक्के आणि आइसलंडलाही ७ टक्के. आइसलंडची माणसं सगळी मिळून चार लाखांच्या आसपास. त्यांना आमच्यासारखी रांग म्हणजे काय हे ठाऊकच नाही. आमच्याकडे मात्र दर महिन्याला कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं व्हिसा बुलेटिन उघडायचं, 'डेट' दोन आठवडे पुढे सरकली की एकमेकांना फोन करायचे आणि पुढच्या महिन्यात ती वर्षभर मागे गेली की गप्प बसायचं. मुलं हायस्कुलात जातात तरी आईबाप आपले 'टेंपररी'च.

देशादेशांत भेदभाव नको म्हणून हा नियम. हेतू वाईट नाहीच. पण देशांना समान वागवायला गेलं की माणसं असमान होतात, हे गणित मला त्या रांगेत कळलं. जुलै २०१९ मध्ये ही मर्यादा उठवणारं विधेयक खालच्या सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं तेव्हा आमच्या भागात लोकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. मग ते सिनेटमध्ये गेलं. तिथे चर्चा-मतदानाच्या फंदात न पडता 'कुणाची हरकत नाही ना?' एवढं विचारून विधेयक मंजूर करायची एक पद्धत आहे. एकाने जरी हरकत घेतली तरी विषय थांबतो. घेतली. पुढे डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने वेगळ्याच मजकुराचं विधेयक मंजूर केलं, दोन्ही मजकुरांचा मेळ बसला नाही आणि त्या काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मुदत संपली तसं विधेयकही संपलं. सिनेट ही काय चीज आहे, याकडे माझं लक्ष गेलं ते तेव्हापासून.

यथावकाश माझा नंबर लागला, आणि त्यानंतर काही वर्षांनी नागरिकत्वाची परीक्षा आली. मी दिली तेव्हा शंभर प्रश्नांची यादी पाठ करावी लागायची. त्यात खालच्या सभागृहाबद्दल एक प्रश्न होता: काही राज्यांचे प्रतिनिधी इतर राज्यांपेक्षा जास्त का असतात? उत्तर: त्या राज्याच्या लोकसंख्येमुळे. सिनेटर किती, तर १००. मुदत किती, तर ६ वर्षं. पण मग सिनेटमध्ये सगळ्या राज्यांचे दोन-दोनच का, हा प्रश्न काही त्या यादीत नव्हता. पुढच्या यादीत तो आला, आणि मान्य उत्तरांपैकी एक आहे 'कनेटिकट तडजोड'. हे मला आवडलं. तत्त्व वगैरे काही नाही, सरळ तडजोड.

ती तडजोड झाली १७८७ च्या उन्हाळ्यात, फिलाडेल्फियात. बातमी बाहेर फुटू नये म्हणून दारं-खिडक्या बंद करून घटना लिहिणं चाललं होतं. मोठ्या व्हर्जिनियाचा प्रस्ताव होता की दोन्ही सभागृहांत लोकसंख्येप्रमाणे जागा द्याव्यात. इवल्याशा डेलावेअरचे प्रतिनिधी घरून बजावून पाठवलेले: राज्याचं समान मत सोडायचं नाही. त्यांच्यातले गनिंग बेडफर्ड यांनी तर भर सभेत सुनावलं की तुम्ही दगा द्याल तर आमचा हात धरायला एखादी परकी सत्ता भेटेल. स्वातंत्र्ययुद्ध संपून उणीपुरी चार वर्षं झाली होती, त्यामुळे ही नुसती धमकी म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती. ऐंशी पार केलेले बेंजामिन फ्रँकलिन त्या दिवशी सुताराची गोष्ट सांगत होते. मेजाच्या फळ्या जुळत नसल्या की चांगला सुतार दोन्ही फळ्यांच्या कडा थोड्या थोड्या तासतो. शेवटी तडजोड अशी, की खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि सिनेटमध्ये राज्यांना समान. त्यावर १६ जुलैला मतदान झालं. पाच राज्यं बाजूने, चार विरुद्ध, मॅसॅच्युसेट्सची मतं निम्मी-निम्मी फुटली. न्यूयॉर्कचे बहुतेक लोक वैतागून निघून गेलेले, ऱ्होड आयलंड मुळात आलंच नव्हतं.

इथे एक गंमत आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. ज्या सभेत राज्यांना समान मत द्यायचं की नाही हे ठरत होतं, त्या सभेतलं मतदानच 'राज्यागणिक एक' असं होतं. म्हणजे भावकीत वाटणी कशी करायची हे ठरवायला बसले, आणि धाकट्या घरांनी हात वर करण्याचा हक्क आधीच समान करून घेतलेला. निकाल वेगळा काय लागणार?

घटनेचे एक प्रमुख शिल्पकार, व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन शेवटपर्यंत याच्या विरोधात होते. नंतर घटनेचं समर्थन करताना त्यांनी लिहिलं ते एवढंच, की दोन वाइटांतलं हे कमी वाईट आहे. आणि त्याच सभेत त्यांनी आणखी एक गोष्ट बोलून दाखवली होती, जी मला आजही सगळ्यांत मोलाची वाटते. राज्यांमधली खरी फूट मोठी विरुद्ध लहान अशी नाहीच, ती गुलाम बाळगणारी आणि न बाळगणारी अशी आहे. लोकांनी ऐकून घेतलं आणि भांडण पुन्हा मोठ्या-लहानांवर नेलं.

त्या वेळी व्हर्जिनिया आणि डेलावेअर यांच्या लोकसंख्येत, गुलाम धरून मोजलं तर, साडेबारा पटींचा फरक होता. आता २०२० च्या जनगणनेचे आकडे घ्या. कॅलिफोर्निया ३ कोटी ९५ लाख. वायोमिंग ५ लाख ७७ हजार. फरक ६८ पट. दोघांचे सिनेटर दोन-दोन. मी राहते ती कॅलिफोर्नियातली अलमेडा काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, एकटीच १६ लाख ८२ हजारांची, म्हणजे जवळजवळ तीन वायोमिंग. एका रविवारी मी कागद घेऊन सर्वांत लहान राज्यांपासून बेरीज करत वर गेले. वायोमिंग, व्हर्माँट, अलास्का, दोन्ही डकोटा, डेलावेअर… असं करत २१ राज्यं झाली तरी कॅलिफोर्निया काही गाठता येईना. बेरीज ३ कोटी ७२ लाख. त्यांचे सिनेटर ४२, आमचे २. आणि बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून ती मताला टाकायला शंभरांपैकी ६० लागतात, म्हणजे अडवून धरायला ४१ पुरतात. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश याच सभागृहाच्या संमतीने नेमले जातात, आणि ते तहहयात बसतात. आपल्याकडे राज्यसभा फार तर एखादं विधेयक लांबवते असं समजून वाढलेल्या माणसाला या सभागृहाचं वजन कळायला वेळ लागतो.

आमच्याकडची निवडणूकही मासलेवाईक असते. कॅलिफोर्नियात प्राथमिक फेरीतले पहिले दोघं शेवटच्या फेरीत जातात, मग पक्ष कुठलाही असो. त्यामुळे २०१६ आणि २०१८ ला नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर सिनेटसाठी दोन्ही उमेदवार डेमोक्रॅट. चार कोटींचं राज्य, आणि निवड एकाच पक्षाच्या दोघांत. २०२४ ला तर एकच लढत मतपत्रिकेवर दोनदा छापलेली: मध्येच रिकाम्या झालेल्या जागेच्या उरलेल्या काही आठवड्यांसाठी एकदा आणि पुढच्या सहा वर्षांसाठी एकदा. टपालाने आलेला तो लांबलचक कागद जेवणाच्या टेबलावर पसरून आम्ही दोन्हीकडे इमानेइतबारे गोल भरले.

वायोमिंग मला नकाशातूनच माहीत होतं. मग भाच्याला लॅरमीच्या विद्यापीठात भूगर्भशास्त्रासाठी प्रवेश मिळाला आणि त्याचं सामान घेऊन आम्ही गाडीने निघालो. आमच्या भागातून निघणारा इंटरस्टेट ८० हाच रस्ता सरळ तिथे जातो. नेवाडा ओलांडायचा, सॉल्ट लेक सिटी मागे टाकायची, मग वायोमिंग. त्यानंतर माणूस दिसणं बंद होतं. दिसतात ते ट्रक, कुरणं आणि रस्त्याला समांतर उभी केलेली लाकडी फळ्यांची उंच, तिरकी कुंपणं. गुरं अडवायला असतील असं मला वाटलं होतं. ती बर्फासाठी आहेत, वाऱ्याने उडून येणारा बर्फ रस्त्यावर साचण्याआधी अलीकडेच पडावा म्हणून. गावाबाहेर पडताना हायवेवर फाटकासारखे दांडे दिसतात, रेल्वेच्या फाटकावर असतात तसे. दिवे लुकलुकू लागले की रस्ता बंद, मुकाट्याने गावात परत फिरायचं. ऑगस्ट महिना होता तरी गाडीचं दार वाऱ्याने हातातून सुटत होतं.

भाच्याच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या. चहा पिताना मी कुठून आले हे ऐकून त्यांनी स्वतःच विषय काढला. म्हणाल्या, तुमच्याकडे माणसं आहेत, पैसा आहे, सिनेमा आहे, टेलिफोन बनवणाऱ्या कंपन्या आहेत. आमच्याकडे दोन सिनेटर आहेत. त्यांच्या राज्यातली निम्म्याच्या जवळपास जमीन केंद्र सरकारच्या मालकीची. गुरं कुठे चारायची, खाण कुठे खणायची, हे वॉशिंग्टनला ठरतं. देशातल्या कोळशातला साधारण चाळीस टक्के तिथून निघतो, आणि कोळसा नको असं म्हणणारे लोक माझ्या कॅलिफोर्नियात राहतात. डोकी मोजून सगळं ठरवलं तर आमच्या रस्त्यावरचा बर्फ काढायला पैसे कोण देईल, असं त्यांनी विचारलं. बाईंनी त्यांच्या सिनेटरला दुकानात भाजी घेताना दोनदा पाहिलेलं. मी आमच्या सिनेटरना टीव्हीवरच पाहिलंय.

त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. पण परतीच्या वाटेवर मनात आलं, की बाईंना ज्याचं भय आहे ते राज्य लहान असल्याचं नाही, ते गुराख्यांच्या आणि खाणकामगारांच्या मनातलं भय आहे. व्हर्माँट वायोमिंगएवढंच छोटं. ते मत देतं नेमकं उलट. डेलावेअर आणि ऱ्होड आयलंड यांचं नॉर्थ डकोटाशी कुठे जमतं? सव्वादोनशेपेक्षा जास्त वर्षांत लहान राज्यं एकजूट करून मोठ्यांविरुद्ध उभी राहिली असा एकही ठळक प्रसंग मला सापडत नाही. ज्या संकटासाठी हे कवच घडवलं, ते संकट आलंच नाही. कवच मात्र अंगावर राहिलं, आणि जे कुणी योगायोगाने आत होते त्यांचं फावलं. मधल्या कॅलिफोर्नियातही गुराखी आहेत, शेतकरी आहेत, पाण्यासाठी सरकारशी भांडणारे आहेत. वायोमिंगमधल्यांपेक्षा संख्येने कितीतरी जास्त. त्यांना कुठे आहे कवच?

आणि ही राज्यं काही आकाशातून पडलेली नाहीत. फिलाडेल्फियाला जमलेली राज्यं निदान आधीपासून होती. नंतरची बहुतेक, टेक्सास-हवाईसारखे थोडे अपवाद सोडले, तर काँग्रेसनेच पट्टी ठेवून आखली. १८६४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर घाईघाईने नेवाडा राज्य केलं. १८७० च्या जनगणनेत तिथे ४२ हजार माणसं होती. १८८९ मध्ये डकोटा नावाचा एक प्रदेश होता, त्याची दोन राज्यं केली. दोन म्हणजे चार सिनेटर. १८८९ आणि १८९० या दोन वर्षांत सहा नवी राज्यं आली, वायोमिंग त्यांतलंच. उलट वॉशिंग्टन शहरात २०२० च्या जनगणनेत ६ लाख ८९ हजार लोक होते, वायोमिंग आणि व्हर्माँटहून जास्त, आणि त्यांना एकही सिनेटर नाही. पोर्तो रिको ३२ लाखांच्या वर. शून्य.

याहून नवल वाटलं ते एका जुन्या खटल्याचं. कॅलिफोर्निया राज्याचं स्वतःचं सिनेट आहे. १९२६ मध्ये मतदारांनी ठरवलं की तेही देशाच्या सिनेटसारखं करू, काउंटीला महत्त्व देऊ, एका काउंटीला एकापेक्षा जास्त सिनेटर नकोत. १९६० च्या सुमाराला परिस्थिती अशी, की लॉस एंजेलिस काउंटीच्या ६० लाख लोकांना एक सिनेटर आणि डोंगरातल्या अल्पाइन, इन्यो, मोनो या तीन काउंट्यांच्या मिळून १४,२९४ लोकांनाही एक. ४२२ पट! १९६४ मध्ये अलाबामाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असले प्रकार घटनाबाह्य ठरवले. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालात लिहिलं की प्रतिनिधी माणसांचे असतात, झाडांचे किंवा एकरांचे नसतात. हे वॉरन पूर्वी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते, आणि तेव्हा त्यांनी याच व्यवस्थेची बाजू घेतली होती. आता, मग देशाच्या सिनेटचं काय? निकालात त्याचाही समाचार आहे. ते एका खास ऐतिहासिक तडजोडीतून आलं, काउंट्या कधी सार्वभौम नव्हत्या, सबब तुलना नको. कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. पण डकोटाची मधली रेघ तरी कुठे सार्वभौम होती?

भारताचं म्हणाल तर मला उगाच छाती फुगवायची नाही, पण आपल्या घटनाकारांनी या बाबतीत डोकं वापरलं. अमेरिकेचं सिनेट त्यांच्या डोळ्यांसमोर होतंच. त्यांनी राज्यांना सरसकट समान जागा दिल्या नाहीत. सूत्र धरलं ते पहिल्या ५० लाखांपर्यंत दर १० लाखांमागे एक जागा आणि त्यापुढे दर २० लाखांमागे एक. लहानाला झुकतं माप, पण मापाला माप आहे. आज उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९, गोव्याला १, सिक्कीमला १. २०११ च्या जनगणनेने उत्तर प्रदेशात राज्यसभेच्या एका सदस्यामागे ६४ लाख माणसं येतात आणि सिक्कीममध्ये ६ लाख १० हजार. फरक साधारण दहा पट. त्यापलीकडे आपला फरक फारसा जात नाही.

हे मला आकड्यांशिवायही कळतं, कारण माझं माहेर आरोंद्याचं. समोर तेरेखोलची खाडी आणि पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. मावशी पेडण्यात दिलेली. मासे तेच, दशावतारही तोच, फक्त तिच्या गोव्यात आमदार सरासरी ३६-३७ हजार लोकांमागे एक आणि आमच्या महाराष्ट्रात जवळजवळ चार लाखांमागे एक. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी १ लाख ७२ हजार विरुद्ध १ लाख ३८ हजार मतांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. आमच्या आजोबांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं होतं. पण मावशीला विचारा. विलीन झाले असते तर गोव्याचं सचिवालय, चाळीस आमदार, १९८७ ला घटकराज्य झाल्यावर मिळालेली राज्यसभेची जागा, यातलं काय असतं? सिंधुदुर्गासारखा आणखी एक जिल्हा झाला असता. लहान राज्याला थोडं जास्त द्यावं हे मला म्हणूनच पटतं. दहा पट पटतं. अडुसष्ट पट नाही पटत. नेमकी रेघ कुठे ओढायची, ते मला मांडता येत नाही, पण ती या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे एवढं नक्की.

आपल्याकडेही सगळं आलबेल आहे असं नाही. २००३ पासून उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याचीही गरज उरलेली नाही, त्यामुळे राज्यसभेत राज्य कितपत बोलतं हा प्रश्नच आहे. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवलेली आहे, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. ज्या दक्षिणेकडच्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांच्या जागांचं वजन पुढच्या वाटणीत त्यामुळेच कमी होणार, आणि तिथले लोक ओरडतात तेव्हा मला लॅरमीच्या बाई आठवतात. नुसती डोकी मोजणं हाही न्याय नव्हे. तरीपण ही चर्चा निदान करता येते. नवं राज्य झालं की संसद त्याच कायद्याने राज्यसभेच्या जागांचं परिशिष्ट बदलते. अमेरिकेच्या घटनेच्या पाचव्या कलमात मात्र लिहून ठेवलंय, की कुठल्याही राज्याचं सिनेटमधलं समान मत त्याच्या संमतीशिवाय काढून घेता येणार नाही. म्हणजे वायोमिंगने स्वतः हो म्हणायला हवं. ते कशाला म्हणतील?

गेल्या गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाच्या रांगेत हा विषय निघाला. आमचा एक मित्र कुठल्याही प्रश्नावर एक्सेल शीट उघडतो. त्याने तिथल्या तिथे फोनवर काढून दाखवलं, की २०२४ ला सिनेटसाठी कॅलिफोर्नियात दीड कोटीच्या वर मतं पडली आणि वायोमिंगमध्ये पावणेतीन लाखही नाहीत. उपाय सोपा आहे, तो म्हणाला, आपल्यातले दीड लाख लोक तिकडे हलवायचे, काम झालं. शिवाय तिकडे राज्याचा इन्कम टॅक्स नाही. हे ऐकल्यावर रांगेतले पुढचे-मागचेही वळून बघायला लागले. एकीने विचारलं, कढीपत्ता मिळतो का? मी भाच्याला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं की देशी दुकानासाठी तो फोर्ट कॉलिन्सला जातो, शंभर किलोमीटरवर, तेही कोलोराडोत, आणि हिवाळ्यात रस्ता चालू असेल तर. बेत तिथेच बारगळला. दोघा-तिघांनी मात्र मसालेभाताची ताटली एका हातात धरून वायोमिंगच्या राजधानीतल्या, शायेनमधल्या घरांच्या किमती बघून घेतल्या.